रेंज नसताना नोंदी ब्राउझरमध्येच जपा

आमच्याकडे पाड्यांवर रेंज नसते, म्हणून आशाताईंसाठी केलेला माझा फॉर्म माहिती आधी फोनच्या ब्राउझरमध्येच साठवतो. त्यासाठी लोकलस्टोरेज (ब्राउझरची साधी साठवण) घेऊ नका: साधारण 5 एमबीची मर्यादा, फक्त मजकूर मावतो आणि लिहिताना पान अडकतं. इंडेक्स्डडीबी, म्हणजे ब्राउझरमधलाच डेटाबेस, घ्या.

‘ओपन’ला डेटाबेसचं नाव आणि आवृत्ती 1 द्या. स्टोअर (नोंदींचा कप्पा) आणि इंडेक्स (शोधायची सूची) फक्त ‘अपग्रेडनीडेड’मध्येच, म्हणजे डेटाबेस नवा असताना किंवा आवृत्ती वाढल्यावर येणाऱ्या इव्हेंटमध्येच, तयार होतात; म्हणून पुढे गावानुसार शोधायचा इंडेक्स हवा असेल, तर आवृत्ती 2 करा.

सगळ्यात जपायचं ते ट्रान्झॅक्शन, म्हणजे डेटाबेसमध्ये वाचण्या-लिहिण्याचा एक व्यवहार. ते उघडं ठेवून मध्येच सर्व्हरच्या उत्तराची वाट पाहिलीत, तर ते आपोआप बंद होतं आणि पुढचं ‘पुट’ (नोंद लिहिणं) फसतं. आधी नोंदी वाचा, पाठवा, उत्तर आलं की नवं ट्रान्झॅक्शन उघडून ‘पाठवली’ अशी खूण करा. आणि ट्रान्झॅक्शन पूर्ण झाल्याचा ‘कम्प्लीट’ इव्हेंट आल्याशिवाय ‘जतन झालं’ असं अजिबात दाखवू नका. ताईंनी घरोघर फिरून भरलेलं असतं ते.

‘नॅव्हिगेटर.स्टोरेज.पर्सिस्ट’, म्हणजे साठा आपोआप पुसू नये अशी ब्राउझरची परवानगी, जरूर मागा. अ‍ॅपलचा सफारी ब्राउझर वापरात असताना 7 दिवस साइटला हात लागला नाही, तर तिथला साठा पुसला जातो. होम स्क्रीनवर बसवलेलं वेब अ‍ॅप मात्र त्यातून सुटतं.