लिमिटेड एडिशन जीएमटी घड्याळ घेतलंय? या चुका टाळा

‘घड्याळ कोरं आहे, पाचशेच पीस निघालेत आणि तारीख दुपारी बाराला बदलते. मशीन खराब आलंय का?’ जीएमटी, म्हणजे चोवीस तासांच्या जादा काट्यानं दुसऱ्या देशाची वेळही दाखवणाऱ्या घड्याळांच्या संग्राहकांच्या गप्पांत हा प्रश्न वरचेवर येतो. मशीन ठणठणीत असतं. वेळ लावताना बारा तासांचा फरक राहिलेला असतो, एवढंच. काटे पुढे फिरवा, तारीख ज्या क्षणी बदलेल ती मध्यरात्र समजा आणि तिथून पुढे आत्ताच्या वेळेपर्यंत या. प्रश्न मिटला.

प्रवासाच्या मेकॅनिकल घड्याळाच्या निम्म्या तक्रारी अशाच असतात. उरलेल्या निम्म्या मात्र खिशाला लागतात, आणि त्याचं कारण नीट समजून घ्यायला हवं. लिमिटेड एडिशनमधलं मशीन बहुतेक वेळा कंपनीचं नेहमीचंच असतं. ते बिघडलं तर पार्ट मिळतात आणि चांगला घड्याळजी ते दुरुस्त करून देतो. मर्यादित असते ती तबकडी, बेझलची (काचेभोवतीच्या कड्याची) रंगीत रिंग, चोवीस तासांच्या काट्याचा खास रंग, मागच्या झाकणावरची कोरणी. यातलं काही खराब झालं की तसंच दुसरं मिळेल याची खात्री कंपनीही देत नाही. म्हणजे तुम्ही जादा पैसे ज्यासाठी मोजलेत, नेमकं तेच सगळ्यात नाजूक.

कोणतं जीएमटी आहे ते न पाहता चावी ओढणं

दुसऱ्या देशाची वेळ दाखवणारी घड्याळं दिसायला सारखी असली तरी आतून तीन जातींची आहेत.

पहिली जात जुनी. १९५०च्या दशकाच्या मध्यात रोलेक्सनं पॅन ॲम या अमेरिकी विमान कंपनीच्या वैमानिकांसाठी आणलेलं जीएमटी-मास्टर घ्या. त्यातला चोवीस तासांचा काटा तासकाट्याला बांधलेला असतो, तो वेगळा फिरतच नाही. दुसरी वेळ पाहायची ती बेझल फिरवून. विंटेज घड्याळ हौसेनं घेऊन ‘काटा जाम झालाय’ म्हणत चावीवर जोर लावणारे आहेत; त्यांनी हात आवरावा.

दुसऱ्या जातीला संग्राहक ‘कॉलर’, म्हणजे फोन करणारा, म्हणतात. यात चोवीस तासांचा काटा स्वतंत्रपणे पुढे सरकतो, तासकाटा मात्र मिनिटकाट्याला धरून असतो. स्विस ईटीए २८९३-२ आणि २०२२ मध्ये सेइको ५ स्पोर्ट्समधून आलेलं ४आर३४ ही याची ओळखीची मशीनं. पुण्यात बसून न्यू जर्सीतल्या मुलीला फोन करणाऱ्यासाठी हे उत्तम.

तिसरी जात ‘फ्लायर’, म्हणजे विमानानं फिरणारा. चोवीस तासांचा काटा घरची वेळ धरून बसतो आणि तासकाटा एकेक तासाच्या उड्या मारतो, मागे किंवा पुढे. मिनिटं-सेकंद चालूच राहतात. रोलेक्सचं जीएमटी-मास्टर टू, ग्रँड सेइकोचं ९एस८६, त्यामानाने स्वस्तातलं मियोटा ९०७५ ही या घरातली.

घोळ कुठे होतो? कॉलरमध्ये चावी पहिल्या टप्प्यावर ओढली की एका दिशेला तारीख बदलते, दुसऱ्या दिशेला चोवीसचा काटा सरकतो. फ्लायरमध्ये त्याच टप्प्यावर तासकाटा उडी मारतो आणि तारीख त्याच्यामागून येते. बहुतेक फ्लायरमध्ये तारीख झटकन बदलायची वेगळी सोयच नसते. महिना तीस दिवसांचा असला की तासकाट्याला दोन पूर्ण फेऱ्या मारून तारीख पुढे घ्यायची. हा बिघाड नाही, रचनाच तशी आहे.

कॉलर लावायचा क्रम ठरलेला ठेवा: आधी वेळ, मग तारीख, सर्वांत शेवटी चोवीसचा काटा. वेळ लावताना तो काटाही बाकीच्या काट्यांबरोबर फिरतो, त्यामुळे आधी लावून ठेवलेला फुकट जातो. मिनिटकाटा हव्या त्या जागेच्या चार-पाच मिनिटं मागे नेऊन मग पुढे आणत थांबवा. दातऱ्यांमधली ढील निघून जाते आणि चावी दाबताना काटा सटकत नाही. एवढं करूनही चोवीसचा काटा खुणेपासून केसभर इकडेतिकडे असेल तर स्वस्त मशीनमध्ये ते चालायचंच.

अर्ध्या तासाचा हिशेब विसरणं

ही चूक आपली, खास भारतीय. परदेशी परीक्षणं वाचून ‘फ्लायर हेच खरं जीएमटी’ असं मनावर घेतलं जातं आणि मग मुंबईहून लंडनला उतरल्यावर कळतं की तासकाट्यानं कितीही उड्या मारल्या तरी वेळ जुळत नाही. जुळणारच नाही. आपली वेळ ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे, आणि उड्या पूर्ण तासाच्या. दुबई दीड तास मागे, सिंगापूर अडीच तास पुढे, न्यूयॉर्क थंडीत साडेदहा तास मागे. जिथे जाल तिथे तो अर्धा तास शिल्लक. ऑस्ट्रेलियातलं ॲडलेड हा गंमतशीर अपवाद, त्यांचीही वेळ अर्ध्यावर असल्यानं त्यांच्या थंडीत, म्हणजे आपल्या पावसाळ्यात, फरक बरोबर चार तासांचा. (काठमांडूला पाऊण तासाची भानगड आहे, तिथे कुठलंही साधं जीएमटी नेलं तरी हात टेकावे लागतात.)

मग करायचं काय? भारतात दुपारचे साडेतीन वाजलेत, थंडीचे दिवस आहेत आणि लंडनमध्ये सकाळचे दहा. फ्लायरची चावी पूर्ण बाहेर ओढा आणि मिनिटकाटा अर्धा तास मागे घ्या. घड्याळ तीन दाखवेल, चोवीसचा काटा पंधरावर येईल. आता चावी एक टप्पा आत ढकला आणि तासकाटा पाच उड्या मागे, दहावर आणा. लंडनची वेळ बिनचूक. घरची वेळ वाचताना चोवीसच्या काट्यावरचा आकडा घ्यायचा आणि मनात अर्धा तास मिळवायचा: पंधरा अधिक अर्धा, म्हणजे साडेतीन. पुढे पॅरिसला गेलात, दुबईत थांबलात, तर फक्त उड्या. मिनिटकाट्याला पुन्हा हात लावायला नको. परतल्यावर अर्धा तास पुढे घ्या की झालं.

बेझल फिरणारं असेल तर त्याच्या टिचक्या मोजा. रोलेक्सच्या आजच्या जीएमटी-मास्टर टूच्या बेझलला एका फेरीत चोवीस टिचक्या आहेत, ट्यूडर ब्लॅक बे जीएमटीच्या बेझलला अठ्ठेचाळीस. अठ्ठेचाळीसवाला आपल्या कामाचा, कारण एक टिचकी म्हणजे अर्धा तास. वरच्या उदाहरणात बेझल डावीकडे एक टिचकी फिरवलं की काटा साडेपंधरावर येतो. लिमिटेड एडिशनचे फोटो बघताना रंगावर भाळण्याआधी दुकानदाराला हा एक प्रश्न जरूर विचारा.

ज्याला हे सगळं नकोसं वाटतं त्याच्यासाठी मिनिटासकट दुसरी वेळ लावता येणारी घड्याळं आहेत, पार्मिजानीचं हेमिस्फेअर्स किंवा अर्ध्या-पाऊण तासाचे विभागही दाखवणारं ग्लासह्युटे ओरिजिनलचं सिनेटर कॉस्मोपोलाइट. किमती बघून बाकीच्यांना मनातल्या मनात अर्धा तास मिळवणं सोपं वाटू लागतं! आणि फुकटची युक्ती हवी असेल तर मनगटावरचं साधं घड्याळ उलटं धरा. भारतीय वेळ साडेदहा असेल तर उलट्या घड्याळात मिनिटकाटा बारावर, तासकाटा चार-पाचच्या मध्ये. पुढचा आकडा घ्या, ग्रीनिचला पाच वाजलेत.

मुंबईकरांनी तर अर्ध्या तासाबद्दल तक्रार करूच नये. १९५५च्या सुमारापर्यंत या शहरात भारतीय प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे असलेला ‘बॉम्बे टाइम’ चालत होता. पॅन ॲमच्या वैमानिकाला त्या ३९ मिनिटांसाठी कोणतं बेझल पुरलं असतं?

कॉलरवाल्यांची चूक वेगळीच. चोवीसचा काटा न्यूयॉर्कला लावला आणि विसरला. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं पुढे सरकतात, युरोपात शेवटच्या रविवारी. परतीचंही तसंच, युरोप ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, अमेरिका नोव्हेंबरच्या पहिल्या. मार्चच्या मधल्या दिवसांत लंडनचा हिशेब जुना आणि न्यूयॉर्कचा नवा असतो, परतीच्या वेळी नेमकं उलटं. भल्या पहाटे कुणाला तरी फोन करून उठवायचं नसेल तर हे चार रविवार भिंतीवरच्या कॅलेंडरात खुणा करून ठेवा.

रात्री तारखेला हात लावणं

साधारण रात्री नऊ ते पहाटे चारपर्यंत तारखेची दातरी गुंतलेली असते. त्या वेळेत झटकन तारीख बदलायला गेलात तर दात मोडू शकतो. घड्याळ बंद पडलेलं असेल तर काटे आधी सहाच्या आसपास आणा, मग तारीख. नेमक्या वेळा मशीनगणिक बदलतात, सोबतची पुस्तिका बघा.

‘घड्याळ पळतंय’ म्हणून लगेच उघडायला देणं

आधी कंपनी काय कबूल करते ते पाहा. ४आर३४ साठी सेइको दिवसाला ४५ सेकंद पुढे ते ३५ सेकंद मागे एवढी मोकळीक सांगते. तुमचं वीस सेकंद पुढे जात असेल तर ते कबुलीच्या आतच आहे. स्विस क्रोनोमीटर प्रमाणपत्रात हीच मर्यादा सहा पुढे ते चार मागे. लिमिटेड एडिशनला जास्त पैसे दिले म्हणून आतलं मशीन जास्त अचूक होत नाही.

घड्याळ अचानक दिवसाला कित्येक मिनिटं पुढे जायला लागलं तर पहिला संशय चुंबकावर घ्या. प्रवासात तो सगळीकडे असतो: टॅबलेटचं कव्हर, हेडफोन, मोबाइलचं मॅगसेफ, पर्सचं बटण. केसाइतक्या बारीक स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि ठोके भराभर पडतात. साधं होकायंत्र घड्याळाजवळ न्या; सुई थरथरली तर उत्तर मिळालं. चुंबक काढायचं काम घड्याळजी यंत्रावर दोन मिनिटांत करतो, झाकण उघडावं लागत नाही.

आणि शुक्रवारी रात्री आठला काढून ठेवलेलं घड्याळ रविवारी दुपारी बंद दिसलं तर घाबरू नका. ४आर३४सारख्या मशीनची ४१ तासांची कमान (घड्याळ चालवणारी स्प्रिंग) तेवढीच चालणार.

पावसाळा

झाकणावर ‘३० मीटर’ लिहिलंय म्हणून पोहायला जाऊ नका, तो आकडा हात धुण्यापुरता समजा. ‘१०० मीटर’ असलं तरी जीएमटीची चावी प्रवासात वारंवार उघडली जाते, आणि पेचाची चावी पुन्हा पूर्ण आवळायची राहून जाते. तारकर्लीच्या पाण्यात उतरण्याआधी एकदा फिरवून बघा. काचेच्या आतून धुकं दिसलं तर उन्हात ठेवणं, तांदळात पुरणं असले उद्योग करू नका. त्याच दिवशी उघडून वाळवायला द्या, कारण ओल पहिल्यांदा काटे आणि तबकडीवर बसते. चामड्याचा पट्टा जून ते सप्टेंबर काढून ठेवलेला बरा. कोकणात आणि मुंबईत त्याला बुरशी येते आणि मूळ पट्टा हासुद्धा सेटचा भाग असतो.

पॉलिश आणि ‘नवीन पार्ट टाकून देतो’

सगळ्यात महाग चूक ही. सर्व्हिसिंगला दिलेलं घड्याळ चकचकीत होऊन येतं, मालक खूश होतो आणि घड्याळ विकायला काढेपर्यंत खूशच राहतो. घड्याळाच्या केसची (धातूच्या कवचाची) शिंगं, म्हणजे पट्टा अडकवायची टोकं, ट्यूबलाइटखाली तिरपी धरा. मूळ घड्याळात घासलेला पृष्ठभाग आणि आरशासारखा पृष्ठभाग यांच्यामध्ये धारदार रेघ असते. पॉलिश झालेल्या घड्याळात ती रेघ वापरून झिजलेल्या साबणाच्या वडीसारखी गोल होते. ग्रँड सेइकोच्या झारात्सू या खास पॉलिशच्या सपाट पृष्ठभागांवर तर गल्लीतल्या बफिंग चाकानं हात फिरवणं म्हणजे धातू कायमचा गमावणं. सर्व्हिसिंगच्या पावतीवर ‘पॉलिश करू नये’ आणि ‘काढलेले सर्व जुने पार्ट परत द्यावेत’ हे लिहून घ्या. तोंडी सांगू नका.

जुन्या पार्टचं महत्त्व पहिल्या जीएमटी-मास्टरनं, म्हणजे ६५४२ या मॉडेलनं, शिकवलं. त्याची लाल-निळी रिंग बेकेलाइटची होती, सहज तडकायची. शिवाय आकडे चमकावेत म्हणून त्यात किरणोत्सारी रंग होता. पुढे ॲल्युमिनियमच्या रिंगा आल्या आणि सर्व्हिसिंगमध्ये बेकेलाइटच्या रिंगा सर्रास काढून टाकल्या गेल्या. मालकांनीही हरकत घेतली नाही, तडकलेली रिंग कुणाला हवी होती? आज ती तडकलेली मूळ रिंग असलेल्या घड्याळाची आणि बदललेल्या रिंगवाल्याची किंमत यांत मोठी तफावत असते. (मूळ रिंग असलीच तर घरी उघडून खरवडू नका, धूळ नाकात जाणं चांगलं नाही.)

आकड्यावर भुलून खरेदी करणं

‘स्पेशल एडिशन’ आणि ‘लिमिटेड एडिशन’ एक नाहीत. पहिल्यात किती बनवणार हे कंपनीनं बांधून घेतलेलं नसतं. लिमिटेडमध्येही पोटभेद आहेत: काही झाकणांवर प्रत्येक घड्याळाचा स्वतःचा क्रमांक असतो, काहींवर सगळ्यांना एकच ओळ कोरलेली असते, ‘पाचशेपैकी एक’. दुसऱ्या प्रकारात झाकण बदलून साध्या घड्याळाचं लिमिटेड करणं सोपं. म्हणून जुनं घेताना झाकणापाशी थांबू नका. अनुक्रमांक वॉरंटी कार्डाशी जुळतो का, कार्डावर तारीख आणि शिक्का आहे का, तबकडीचा रंग आणि चोवीसच्या काट्याचं टोक कंपनीच्या मूळ फोटोत आहे तसंच आहे का, हे तिन्ही बघा. विकणारा ‘खोका घरी राहिलाय, नंतर पाठवतो’ म्हणाला तर पैसेही नंतरच द्या.

घेतलेलं महागडं घड्याळ घालून परदेशी निघाला असाल तर जाताना विमानतळावर कस्टमकडून त्याचं निर्यात प्रमाणपत्र करून घ्या. त्यावर मॉडेल आणि अनुक्रमांक नोंदलेला असला की परतताना ‘हे तिकडे घेतलं का?’ या प्रश्नाला कागदानंच उत्तर देता येतं. खरेदीचं बिल मोबाइलमध्ये असू द्या, आणि खोका व वॉरंटी कार्ड घरीच ठेवा. बॅगेत ते सापडले तर घड्याळ नुकतंच घेतलंय असाच कुणाचाही समज होईल.