आजोबांच्या स्काउट पेटीची निगा

पेटी उघडायची ती पुण्यातला पाऊस सरल्यावर, कोरड्या हवेत. आधी बिल्ले पाहा. भारत स्काउट्स आणि गाईड्स ही संस्था ७ नोव्हेंबर १९५० ची. तिचं नाव असलेला बिल्ला त्याआधीचा नसतो.

पितळ चिंचेने घासू नका! झळाळी येते, पण बारीक अक्षरं झिजतात. कोरडं सुती फडकं पुरे.

स्कार्फ धुण्याआधी ओला पांढरा बोळा कोपऱ्यावर दाबा. रंग उतरला तर धुऊच नका. घडी दर सहा महिन्यांनी बदला, नाहीतर कापड तिथेच विरतं. पिना काढून ठेवा, गंजाचे डाग जात नाहीत.

फोटोंमागे नावं मऊ पेन्सिलीने लिहा, आजी सांगू शकते तोवर.