दाराच्या पायऱ्यांवर कुंड्या मांडायच्यात? आधी पायांचा आणि पाण्याचा रस्ता बघा

नर्सरीत लगेच जाऊ नका. आधी चार दिवस सकाळ-दुपार नुसतं पायऱ्यांवर बसून बघा, ऊन कुठून येतं, किती वेळ टिकतं, आणि पावसाळा असेल तर पागोळ्या नेमक्या कुठल्या पायरीवर पडतात. मी पहिल्या वर्षी हे केलं नव्हतं. आमचं घर रत्नागिरी जिल्ह्यात, इथे वर्षाला ३००० मिमीच्या वर पाऊस पडतो, आणि मी हौसेने दोन्ही बाजूंना कुंड्या मांडून ठेवल्या तर जूनमध्ये पागोळ्यांची धार बरोबर तीन कुंड्यांत पडायला लागली, आठवड्यात माती उडून गेली आणि मोगऱ्याची मुळं उघडी. तेव्हापासून पागोळ्यांची रेघ खडूने आखून ठेवते आणि त्या रेघेवर काहीही ठेवत नाही.

मग टेप घ्या. आमच्या पायऱ्या सहा फूट लांब आणि पाऊल टेकायची जागा ११ इंच, त्यामुळे ८ इंचापेक्षा मोठी कुंडी पायरीवर नाहीच, मोठी ठेवली की ती कडेला येते आणि मांजराच्या धक्क्यानेसुद्धा खाली जाते. मधली निदान साडेतीन फूट जागा पूर्ण मोकळी हवी, आणि ज्या बाजूला कठडा असेल ती बाजू म्हाताऱ्या माणसांची, तिथे एकही कुंडी नको. गणपती आणतानाचं डोळ्यासमोर आणा, मूर्तीचा पाट दोन्ही हातांत धरून माणूस वर चढतो, त्याला पायाखालचं काही दिसत नसतं. तो नीट चढला पाहिजे एवढी वाट ठेवलीत की बाकी सगळं जमतं.

मांडणीचं म्हणाल तर दहा कुंड्यांत दहा वेगळी झाडं लावू नका, मला तरी ते नर्सरीच्या काउंटरसारखं वाटतं. एकच झाड तीन-चार पायऱ्यांवर परत परत येऊ दे. खाली अंगणात पायऱ्यांच्या दोन्ही टोकांना १४ इंची दोन मोठ्या कुंड्या, त्यात जास्वंद, आणि वर चढत एका बाजूला लहान कुंड्यांत पांढरी सदाफुली. एवढंच केलं तरी घराचं तोंड बदलतं.

झाड कुठलं ते उन्हावर ठरवा, फोटोवर नाही. पूर्वेला तोंड असेल आणि सकाळचं चार-पाच तास ऊन मिळत असेल तर मोगरा, सदाफुली, जास्वंद आणि ऑफिस टाइम (पोर्चुलाका). ऑफिस टाइमची फुलं सकाळी ऊन वर आलं की उघडतात आणि दुपारनंतर मिटतात म्हणून पूर्वेच्या पायरीवरच शोभतात. पश्चिमेचं कडक ऊन असेल तर अडेनियम, कोरफड. बोगनवेलही चालते पण तिचे काटे लहान मुलांच्या पोटऱ्यांच्या उंचीवर येतात, ती लांब अंगणातच बरी. पडवीच्या सावलीत स्नेक प्लांट, नेचे, कोलियस. डिफेनबेकिया दिसायला छान असतं, पण त्याचं पान चावलं तर तोंडाची आग होते, सूज येते, रांगतं मूल किंवा कुत्रं असेल तर पायरीवर नको, आणि कण्हेर तर विषारीच.

मातीला फार डोकं लावू नका, दोन भाग लाल माती, एक भाग कुजलेलं शेणखत, एक भाग कोकोपीट, मूठभर निंबोळी पेंड. कोकणातल्यांनी कोकोपीट कमी करून वाळू वाढवा. अडेनियमला निम्मी वाळू किंवा विटेचा चुरा, आणि पाऊस लागायच्या आधी ती कुंडी उचलून पडवीत, नाहीतर खोड खालून मऊ पडून सडतं.

कुंडी थेट पायरीवर टेकवू नका. खाली विटेचे तीन तुकडे द्या, भोकातून पाणी निघून जातं आणि ओल्या मातीचा गोल डाग पडत नाही. पावसाळ्यात खालच्या बशा काढूनच टाका. इतर वेळी ठेवल्यात तर दर आठवड्याला रिकाम्या करून घासा, डेंग्यूचा डास असल्याच साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून उडता डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात.

आता जांभ्या दगडाच्या पायऱ्यांचं. जांभा सच्छिद्र, पाणी धरून ठेवतो, आणि कुंडीच्या आडोशाला ऊन-वारा लागत नाही तिथे शेवाळ आधी धरतं. म्हणून पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी कुंड्या जागेवरून हलवायच्या, ब्लिचिंग पावडर टाकून अर्धा तास ठेवायची, खराट्याने घासायचं, आणि ते पाणी झाडांच्या बुंध्यात जाऊ द्यायचं नाही. ब्लिचिंगबरोबर अ‍ॅसिड किंवा दुसरं क्लीनर अजिबात मिसळू नका, विषारी वायू तयार होतो. सांध्यांतून पिंपळ-उंबराचं रोप दिसलं की दोन पानांचं असतानाच मुळासकट उपटा, नंतर ते पायरी फोडल्याशिवाय निघत नाही.

पायऱ्यांच्या बाजूला जमिनीत वाफा करायचा असेल तर जोत्यापासून फूटभर लांब करा. माती जोत्याला टेकली की भिंतीत ओल चढते, मागोमाग वाळवी. त्या वाफ्यात अबोली लावा, आणि पाणी जिथे रेंगाळतं तिथे कर्दळ नाहीतर सोनटक्का, दोघांनाही ओल आवडते. तेरडा आमच्याकडे एकदा लावला, आता दरवर्षी आपला आपण उगवतो.

झेंडू दसऱ्याला हवा असेल तर अडीच-तीन महिने आधी बी टाका. तेव्हा आमच्याकडे पाऊस जोरात असतो म्हणून बियांचा ट्रे पडवीत ठेवायचा, रोपं चार-पाच पानांची झाली की ८ इंची कुंडीत एकेक लावायचं, वीतभर झाली की शेंडा खुडायचा, त्याने फुटवे जास्त येतात. पाऊस ओसरला की कुंड्या पायरीवर आणायच्या. गेल्या वर्षी दाराच्या तोरणाला सगळी फुलं याच कुंड्यांतली पुरली.