जनुकाच्या नावावरून निदान करू नका: सीएलपीटीएम१ वाचताना या चुका टाळा

सीएलपीटीएम१ या जनुकाचं पूर्ण नाव 'क्लेफ्ट लिप अँड पॅलेट ट्रान्समेम्ब्रेन प्रोटीन १'. ओठ किंवा टाळू दुभंगलेल्या बाळाच्या आईवडिलांच्या हाती जनुकीय तपासणीचा अहवाल येतो, त्यात हे नाव दिसतं आणि कारण सापडलं असं वाटून जातं. जनुकशास्त्राच्या विद्यार्थ्यांचंही तेच होतं. ही समजूत घाईची आहे. तिच्यामुळे खऱ्या कारणाचा शोध तिथेच थांबतो, आणि मला खटकतं ते हेच.

नावालाच पुरावा मानणं

सगळ्यात मोठी चूक ही, म्हणून आधी हे नाव पडलं कसं ते पाहू. १९९८ साली एका कुटुंबाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्या कुटुंबात ओठ आणि टाळू दुभंगलेल्या व्यक्ती होत्या, आणि २ व १९ क्रमांकाच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची आपसात अदलाबदल झालेली होती. याला ट्रान्सलोकेशन म्हणतात. १९ क्रमांकाचं गुणसूत्र जिथे तुटलं होतं, तिथे तोवर कुणाला माहीत नसलेलं एक जनुक होतं. तुटण्याची जागा नेमकी त्याच्या आत पडली होती. त्या जनुकाला हे नाव मिळालं. संशोधकांनी मग ओठ-टाळू दुभंगलेल्या इतर रुग्णांतही याच जनुकात बिघाड आहे का ते तपासलं. आजाराशी खात्रीने जोडता येईल असा बदल त्यांना मिळाला नाही. नाव मात्र कायम राहिलं.

जनुक तुटलं म्हणजे तेच दोषी, असंही म्हणता येत नाही. जनुक कधी आणि कुठे चालू व्हायचं हे ठरवणारे डीएनएचे भाग पुष्कळदा जनुकापासून बरेच लांब असतात. गुणसूत्र तुटलं की शेजारच्या एखाद्या जनुकाची त्याच्या नियंत्रकापासून ताटातूट होऊ शकते. बीसीएल३ हे जनुक याच पट्ट्यात आहे, आणि ओठ दुभंगण्याशी त्याचा संबंध त्याआधीपासून तपासला जात होता. एकाच कुटुंबाच्या आधारावर यांतलं कुठलं जनुक जबाबदार हे ठरत नाही.

'एल'कडे दुर्लक्ष करणं

सीएलपीटीएम१एल हे वेगळं जनुक आहे. ते ५ क्रमांकाच्या गुणसूत्राच्या टोकाला, टर्ट नावाच्या जनुकाच्या शेजारी असतं. सिस्प्लॅटिन या कर्करोगाच्या औषधाला काही पेशी दाद का देत नाहीत, याच्या अभ्यासात ते पुढे आलं. त्या भागातले काही बदल फुप्फुसाच्या कर्करोगाच्या जोखमीशी जोडले गेले आहेत. नावात 'एल' (म्हणजे 'लाइक', सारखं) आला तो सीएलपीटीएम१शी असलेल्या साम्यामुळे. ओठ दुभंगण्याशी त्याचा संबंध दिसला म्हणून ते नाव पडलेलं नाही. शोधताना हे एक अक्षर सुटलं की भलतेच निबंध हाती येतात. म्हणून अहवालात गुणसूत्राचा क्रमांक पाहा: १९ असेल तर सीएलपीटीएम१, ५ असेल तर सीएलपीटीएम१एल.

शेजाऱ्याचा संबंध याच्या नावावर टाकणं

अल्झायमरच्या मोठ्या जनुकीय अभ्यासांतही सीएलपीटीएम१चं नाव येतं. ते वाचून काही जण या प्रथिनामुळे स्मृतिभ्रंश होतो असं लिहितात. अल्झायमरशी सगळ्यात ठळकपणे जोडलेलं एपीओई जनुक इथून ५० हजार बेसच्याही (म्हणजे डीएनएच्या अक्षरांच्या) आत आहे. इतके जवळचे बदल पिढ्यान् पिढ्या बहुधा एकत्रच उतरतात, त्यामुळे एपीओईचा प्रभाव शेजाऱ्यांच्या नावावरही दिसतो. असा निष्कर्ष मांडायचा असेल, तर एपीओईचा वाटा वगळून विश्लेषण केलं आहे का ते आधी पाहा.

'ट्रान्समेम्ब्रेन' म्हणजे पेशीच्या बाहेरच्या पटलावर, असं समजणं

ही प्रयोगशाळेतली चूक. पटल फक्त पेशीभोवती नसतं. हे प्रथिन प्रामुख्याने पेशीच्या आतल्या एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलम आणि गॉल्जी या प्रथिनं घडवून पुढे पाठवणाऱ्या भागांच्या पटलांत सापडतं. २०१८ साली चेतापेशींवर झालेल्या संशोधनात दिसलं, की ते गाबा-ए रिसेप्टरना (गाबा या मेंदूतल्या रसायनाचा संदेश घेणाऱ्या प्रथिनांना) आतच अडवून धरतं आणि पृष्ठभागापर्यंत किती पोहोचतील यावर मर्यादा घालतं. पेशीपटल सच्छिद्र न करता अँटिबॉडीने (ठरावीक प्रथिनालाच चिकटणाऱ्या रेणूने) रंगवलं आणि काही दिसलं नाही, तर प्रथिन नाहीच असं ठरवू नका. आधी पटल सच्छिद्र करून पुन्हा पाहा.

चुकीच्या तपासणीवर विसंबणं

ही चूक कुटुंबांना सगळ्यात जास्त भोवते. संतुलित ट्रान्सलोकेशनमध्ये डीएनए कमीजास्त होत नाही, त्याची फक्त जागा बदलते. मायक्रोॲरे ही तपासणी डीएनएचं प्रमाण मोजते, म्हणून तिला ते दिसत नाही. एक्झोम तपासणी जनुकांचे प्रथिन घडवणारे भाग वाचते, त्यामुळे तुटण्याची जागा त्या भागांबाहेर असेल तर तीही सहसा सुटते. त्यासाठी कॅरिओटाइप लागतो, म्हणजे गुणसूत्रं सूक्ष्मदर्शकाखाली मांडून पाहणं. घरात दुभंगलेल्या ओठासोबत वारंवार आपोआप गर्भपात झाले असतील, तर त्यामागे असं ट्रान्सलोकेशन असू शकतं; 'एक्झोममध्ये काही नाही' एवढ्यावर थांबू नका, कॅरिओटाइपबद्दल विचारा.

याउलट, अहवालात सीएलपीटीएम१मधला एक अक्षरबदल 'अर्थ अनिश्चित' म्हणून नोंदवला असेल, तर त्याच्यावर पुढच्या गर्भधारणेचे निर्णय घेऊ नका. तो बदल आईवडिलांपैकी कुणात आहे, आणि ज्याच्यात आहे त्याचा ओठ-टाळू कसा आहे, हे पाहिलं तरी पुष्कळ कळतं. मग बाळाच्या आणि आईवडिलांच्या खालच्या ओठावर बारीक खळगे आहेत का ते नीट बघायला सांगा. असे खळगे व्हॅन डर वूड सिंड्रोमची खूण असतात. त्यामागे बहुतेक वेळा आयआरएफ६ जनुक असतं, आणि त्या जनुकाबद्दलचा पुरावा भक्कम आहे. फरक मोठा आहे: व्हॅन डर वूड असलेल्या पालकाकडून प्रत्येक मुलात ते बिघडलेलं जनुक उतरण्याची शक्यता ५० टक्के असते. इतर कुठलंही लक्षण नसताना एका मुलाचा ओठ दुभंगलेला असेल, तर पुढच्या भावंडात तो दुभंगण्याची शक्यता साधारण ३ ते ५ टक्के धरतात. जनुकीय समुपदेशकाला भेटाल तेव्हा यांपैकी कुठला आकडा आपल्याला लागू होतो आणि तो कशाच्या आधारावर, हे थेट विचारा.