छाटणीआधी चर उकरा (आणि बाकीचंही)

परवा सकाळी शेततळ्याच्या काठावर धोबी दिसला. पाठ करडी, पोट पिवळं, शेपटी सारखी वरखाली. हा पाहुणा दर सप्टेंबरात उत्तरेकडून येतो. तिथून बांधाने घरी येईपर्यंत पायजमा गुडघ्यापर्यंत ओला झाला. रात्री पाऊस नव्हता, नुसतं दव. तीन महिने ढगात बुडालेले चांदवडचे डोंगर असे लख्ख दिसत होते की कडेकपारी मोजाव्यात. आणि संध्याकाळी साडेसहालाच गोठ्यात दिवा लावावा लागला.

एवढं दिसलं की आमच्या निफाडकडच्या शिवारात प्रत्येक पारावर एकच वाक्य ऐकू येतं, "गेला पाऊस." २०१९ साली मीही तेच म्हणालो होतो. घटस्थापनेला द्राक्षबागेची छाटणी उरकली, आणि दिवाळीत बागेत पाणी तुंबून बसलं. त्या वर्षी काय चुकलं ते पुढे येईलच, एकदा नाही चार वेळा येईल. सध्या एवढंच की गोडी छाटणीच्या, म्हणजे घड धरायच्या छाटणीच्या, तयारीत पहिलं काम कात्रीचं नाही, फावड्याचं आहे. चर उकरा.

आधी हवामानाचं, कारण सगळी गफलत तिथूनच होते. १७ सप्टेंबरच्या आसपास बातमी येते की मान्सून राजस्थानातून माघारी फिरला. हवामान खात्याने २०२० मध्ये तारखा बदलल्या तेव्हापासून ही तिथली सर्वसाधारण तारीख आहे. तिथली, आपली नाही. मुंबईतून तो निघायची सर्वसाधारण तारीख ८ ऑक्टोबर. म्हणजे बातमी ऐकून तुम्ही कात्री घेता तेव्हा आपल्याकडचा पाऊस अजून तीन आठवडे तरी मुक्कामाला असतो, आणि तो आषाढातल्यासारखा नसतो. पश्चिमेचा वारा पडतो, एखाद दिवस पान हलत नाही, मग वारा पूर्वेकडून सुरू होतो. आभाळ मोकळं म्हणून ऊन कडक, जमीन ओली, त्यामुळे दुपारी दोननंतर ढग उभे चढत जातात, आणि चार वाजता विजांसकट तासाभरात जे कोसळतं ते श्रावणात आठवडाभरातही पडलेलं नसतं. वर ऑक्टोबर-नोव्हेंबर हा अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांचाही हंगाम. २०१९ ला दिवाळीत 'क्यार' आलं, त्याच्या पाठोपाठ 'महा'. दोन्ही आपल्यापासून लांब, पण आभाळ आपलंच फाटलं. "पडतील स्वाती तर पिकतील माणिक मोती" ही म्हण ज्याने केली त्याच्याकडे द्राक्षबाग नव्हती एवढं नक्की. स्वाती लागतं २४ ऑक्टोबरच्या सुमारास, आणि तेव्हा आपले घड फुलोऱ्याच्या तोंडावर असतात.

आता चर. बागेच्या खालच्या अंगाला चर असतो, तो नाल्याला मिळतो, हे सगळ्यांना माहीत आहे. मलाही माहीत होतं. जूनमध्ये पलीकडच्या तुकड्यात ट्रॅक्टर न्यायचा म्हणून मी स्वतः त्या चरावर चार पाट्या मुरूम टाकला होता. तात्पुरता. नंतर त्यावर गवत आलं, तेरडा फुलला, आणि सप्टेंबरात ती जागा बांधासारखीच दिसायला लागली. मी रोज त्यावरून चालत होतो! दिवाळीच्या पावसात सगळ्या बागेचं पाणी तिथे येऊन अडलं आणि खालच्या आठ ओळी तळ्यात उभ्या राहिल्या. काळी जमीन, वाफसा यायला सहा दिवस. सहा दिवस फवारणीचा ब्लोअर गेटजवळ उभा, कारण ट्रॅक्टर आत घातला की चाक रुतणार. औषध घरात, पाणी टाकीत, आणि डाऊनीची बुरशी बागेत. सातव्या दिवशी पान उलटं केलं तर खाली पांढरी साय धरलेली. घडांवरही. हात लावला की देठापासून मऊ.

म्हणून सांगतो, चर नुसता बघू नका, उकरा. आणि उकरल्यावर बांधावर उभं राहून "ठीक आहे" म्हणू नका. वरच्या टोकाला मोटारीचं पाणी अर्धा तास सोडा आणि त्याच्यामागे चालत जा. एखादं पळसाचं पान सोडलं तर अजून बरं, ते कुठे अडतं ते दिसतं. नाल्यात उतरेपर्यंत सोबत राहा. कांद्याच्या फाटक्या गोण्या, ठिबकच्या जुन्या नळ्यांची भेंडोळी, शेजाऱ्याच्या बांधावरून घसरलेली माती, हे सगळं चरातच सापडतं. रस्त्याखालचा पाइप असेल तर त्यात काठी घालून बघा. माझ्या पाइपात खेकड्यांनी अर्धी माती भरली होती. मुळं जितकी खोल गेलीत त्याच्या खाली चराचा तळ हवा, नाहीतर वरून वाहतंय असं दिसतं आणि बोद, म्हणजे वेलींच्या ओळीचा मातीचा वरंबा, आतून भिजलेलाच राहतो.

झालं का? नाही झालं तर पुढचं वाचू नका, आधी जा.

काडी तपासणी. छाटणीच्या पंधरा दिवस आधी काड्या कापून प्रयोगशाळेत द्या, काडीवरच्या कितव्या डोळ्यात (कोंबात) घड आहे ते कळतं. ज्या वर्षी एप्रिलच्या खरड छाटणीनंतर (काड्या तयार करायच्या छाटणीनंतर) ढगाळ दिवस जास्त गेले, त्या वर्षी तर अंदाजाने कापूच नका. डोळा चुकला की घडाच्या जागी बाळी, म्हणजे वेलीचा नुसता ताणा, निघते, आणि बाळीला बाजारात कुणी विचारत नाही.

मजूर. हे काम तुम्ही आज करता की पंधरा दिवसांनी, यावर सगळी गणितं ठरतात. आपल्याकडे छाटणीला, डोळ्यांना पेस्ट लावायला येणाऱ्या टोळ्या बहुतेक पेठ, सुरगाणा, हरसूलकडच्या. ऑक्टोबर सरताना त्यांचा स्वतःचा भात सोंगणीला येतो, नागली येते. ते घरी जाणारच, आणि का जाऊ नये? मुकादमाला उचल देऊन ठेवली म्हणजे माणसं बांधली गेली असं समजू नका. फोन करून विचारा, "दादा, तुमचा भात कधी?" त्यावर आपली तारीख बसवा. राहायची जागा कोरडी हवी. गेल्या पावसात खोलीचा पत्रा गळत होता ना, तो त्यांनी यायच्या आधी बदला, ते आल्यावर नाही.

पानगळ. इथ्रेल, म्हणजे पानं गाळायचं औषध, छाटणीच्या साधारण दोन आठवडे आधी, आणि त्याआधी पाणी तोडलेलं पाहिजे. इथे पुन्हा चर. बागेला ताण द्यायचा आणि बोदात पाणी साचलेलं, मग कसला ताण? झाड हिरवंगार राहतं, पानं हलत नाहीत, मग आपण औषध जास्त मारतो. मी मारलं होतं. चर साफ असता तर त्या पैशात दिवाळीचे कपडे आले असते.

बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक, स्वतः करा. मोरचूद १ किलो, कळीचा चुना १ किलो, पाणी १०० लिटर. मोरचूद रात्री कापडात बांधून प्लास्टिकच्या टाकीत लोंबता ठेवा, सकाळपर्यंत विरघळतो. चुना वेगळा विझवा, गाळून घ्या. लोखंडी भांडं अजिबात नको. दोन्ही तिसऱ्या टाकीत एकदम ओता, काडीने ढवळत. मग विळ्याचं पातं घासून त्यात मिनिटभर बुडवा. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी आहे, अजून घाला. पातं स्वच्छ निघालं तर वापरा, पण त्याच दिवशी. काल केलेला बोर्डो म्हणजे निळं पाणी.

डोळे एकसारखे फुटावेत म्हणून लावायची हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट हा गंभीर विषय आहे, आणि लोक तो चेष्टेवारी नेतात. छाटणीनंतर दोन दिवसांच्या आत लावायची, मात्रा लेबलवर आणि थंडीउन्हाप्रमाणे, दुपारचे ढग बघून. लावल्या लावल्या सर आली तर धुऊन जाते आणि डोळे मागेपुढे फुटतात. पेस्टमध्ये रंग मिसळा, म्हणजे कोणता डोळा राहिला ते लांबून दिसतं. हातमोजे सगळ्यांना, फाटके नकोत. आणि एक गोष्ट मुकादमासमोर स्पष्ट बोला: पेस्टच्या आदल्या दिवसापासून काम संपल्यानंतरचे काही दिवस दारूचा थेंब नाही. हे संस्कार म्हणून सांगत नाही. हे औषध अंगात गेलं की शरीराला दारू पचवता येत नाही, तोंड लाल होतं, छाती धडधडते, माणूस कोसळतो. बोलताना संकोच वाटतो, तरी बोला. माझी आई तर स्वतः टोळीसमोर उभी राहून सांगायची, "पोरांनो, आठ दिवस नाही प्यायला तर मरणार नाही. प्यायलात तर सांगता येत नाही." कुणाला राग आला नाही कधी.

फवारणीचं यंत्र. ब्लोअरचे नोझल काढून धुवा, सर्व्हिसिंग करून घ्या, वगैरे. ते सगळे करतात. राहून जाणारी गोष्ट वेगळीच: एसटीपी (दाबाचा फवारणी) पंप आणि लांब नळी. ट्रॅक्टर आत जात नाही त्या दिवशी बांधावर पंप ठेवून दोन माणसं नळी ओढत आत जाऊ शकतात. चिखल असला तरी माणूस जातो. २०१९ ला माझा पंप होता, नळी उंदरांनी कुरतडलेली. धुरळणीचं यंत्र गावात ज्याच्याकडे आहे त्याला आधीच सांगून ठेवा, पाऊस पडल्यावर त्याच्या दारात वीस जण असतात. पण ही सगळी सोय चर तुंबल्यावरची. चर वाहता असेल तर दुसऱ्या दिवशी, फार तर तिसऱ्या दिवशी ट्रॅक्टर आत जातो आणि नळी खोलीतच राहते. पुन्हा तेच सांगतोय, माहीत आहे.

दवाला कमी लेखू नका. डाऊनीला मुसळधार पाऊस लागत नाही, पानावर काही तास पाण्याचा पातळ थर राहिला तरी त्याचं भागतं, आणि सप्टेंबरअखेरपासून ते काम दव रोज रात्री करतं. रात्री विशीच्या आसपास तापमान, पहाटे धुकं, सकाळी नऊपर्यंत पान ओलं: त्याला हवं ते ताट वाढलेलं. म्हणून कोवळी फूट दाट ठेवू नका, विरळणी वेळेवर, खालची हवा खेळती. बोदावरचं गवत काढा. पानावर तेलकट पिवळा ठिपका दिसला की उलटून बघा. "ऊन पडलंय, जाईल" असं म्हणू नका. जात नाही.

तारीख कोणती धरावी, हे विचारू नका. सटाण्याकडचे लवकर माल काढणारे अर्लीवाले जून-जुलैपासूनच छाटतात, त्यांचं गणित वेगळं, जोखीम वेगळी आणि भावही. आपण उशीर केला तर पुढे थंडी. निफाडचा पारा कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातून दर डिसेंबरात पेपरात येतो, तो वाचून बाकीचा महाराष्ट्र स्वेटर काढतो आणि आपण शेकोट्या पेटवतो. थंडीत फूट रेंगाळते, मणी फुगत नाही, वर पिंक बेरीची, म्हणजे मणी गुलाबी पडायची, भीती. लवकर छाटलं तर पाऊस, उशिरा छाटलं तर थंडी. मी सगळी बाग एका दिवशी छाटत नाही आता. दोन तुकडे, मध्ये दहा-बारा दिवस. मुकादम कुरकुरतो. कुरकुरू दे.

पाऊस मोजायचं साधं मापक लावा. शेजारच्या गावात किती पडला त्याचा आपल्याला उपयोग नाही, या पावसात बांध बदलला की पाऊस बदलतो. विजा चमकायला लागल्या की माणसं तारांच्या मांडवाखालून बाहेर काढा, राहिलेली ओळ राहू दे. माती-पाणी परीक्षण, खतं, ठिबकचे ड्रिपर: ठरलेलंच. विम्याची शेवटची तारीख बघा. निर्यात करायची असेल तर ग्रेपनेटची (निर्यातीच्या द्राक्षबागांच्या ऑनलाइन यंत्रणेची) नोंदणी, आणि पहिल्या फवारणीपासून वही. नंतर आठवून लिहिलेली वही लगेच ओळखू येते.

पुढचं थोडक्यात. फेलफूट (घड नसलेले फुटवे) काढणं, जीएची (मणी वाढवायच्या संजीवकाची) बुडवणी, थिनिंग (मणी विरळ करणं), थंडीत घडांना कागद. त्यासाठी रद्दी आत्तापासून साठवा, जानेवारीत रद्दीवालाही भाव खातो. पाखरांसाठी जाळी. काढणीला क्रेट. बाकी डिसेंबरात बघू, तोवर बाग हातात असली तर.

आत्ता पावणेतीन झालेत. सकाळी लख्ख दिसणारे चांदवडचे डोंगर गेले, त्या जागी काळं उभं राहिलंय आणि लिंबाचं पान हलत नाही. गेल्या आठवड्यात खालच्या कोपऱ्यात शेजाऱ्याचा रोटर वळला होता, माती चरात ढकलली असणार. फावडं घेऊन चाललो.