संमोहनात आठवलेल्या घटनेची पारख कशी करावी

संमोहनावस्थेत एखाद्याला जुनी घटना आठवली, तर सर्वप्रथम सत्राआधी त्याला काय आठवत होते याची लेखी नोंद मागावी. ती नसेल, तर मूळ आठवण कोणती आणि सत्रात भर कशाची पडली, हे पुढे त्या व्यक्तीलाही सांगता येत नाही, कारण दोन्ही गोष्टी एकजीव होऊन जातात.

मग सत्राचे संपूर्ण ध्वनिमुद्रण ऐकावे आणि प्रश्नांचे शब्द बारकाईने तपासावेत. ‘पुढे काय झाले?’ हा प्रश्न मोकळा आहे. ‘त्याच्या हातात काय होते?’ या प्रश्नात मात्र हातात काहीतरी होतेच, असे गृहीत धरलेले आहे. १९८३ साली लॉरेन्स आणि पेरी या संशोधकांनी सहज संमोहित होणाऱ्या २७ जणांना, एका विशिष्ट रात्री मोठ्या आवाजांनी तुम्हाला जाग आली होती, अशी सूचना दिली. संमोहनातून बाहेर आल्यावर त्यांतील १३ जण ती घटना खरोखर घडल्याचे सांगू लागले.

सर्वांत जास्त फसवणूक होते ती सांगणाऱ्याच्या खात्रीमुळे. त्याच वर्षी डायवन आणि बॉवर्स यांनी केलेल्या प्रयोगात पूर्वी पाहिलेली चित्रे संमोहनाने अधिक संख्येने ‘आठवली’, परंतु त्या नव्या उत्तरांपैकी बहुतेक चुकीची होती. म्हणून तपशिलांची स्पष्टता, डोळ्यांतील अश्रू किंवा बालपणात नेल्यावर बदललेला आवाज यांना पुरावा मानू नये. ते अश्रू खरे असतात, पण त्यांवरून घटना सिद्ध होत नाही.

खरी कसोटी बाहेरच्या पुराव्याची: जुनी पत्रे, दवाखान्याची कागदपत्रे, छायाचित्रे, स्वतंत्र साक्षीदार. कॅलिफोर्नियातील चाउचिला येथे १९७६ मध्ये शाळेच्या बसचे अपहरण झाले, तेव्हा बसचालकाने संमोहनात सांगितलेला अपहरणकर्त्यांच्या गाडीचा क्रमांक एक आकडा वगळता जुळला. तो उपयोगी ठरला, कारण तो पडताळून पाहता येत होता.

आठवलेल्या घटनेत जवळच्या माणसावर गंभीर आरोप येत असेल, तर असा पुरावा हाती येईपर्यंत आरोपही करू नये आणि सांगणाऱ्याला खोटारडेही ठरवू नये. त्याच्या मनःस्थितीसाठी उपचार सुरू ठेवावेत. मात्र आणखी आठवावे म्हणून पुन्हा संमोहन करवून घेऊ नये.