ग्लायडर स्पर्धेत उतरण्यापूर्वी

ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचे विमान, सफाईने उडवणे वेगळे आणि ठरलेल्या मार्गावर घड्याळाशी झुंजत उडवणे वेगळे. या दुसऱ्या कामाची तयारी एफएआयच्या (आंतरराष्ट्रीय हवाई क्रीडा महासंघाच्या) रौप्य बिल्ल्यापासून करावी: ५० किलोमीटरचा प्रवास, पाच तासांचे उड्डाण आणि १,००० मीटर उंचीची कमाई. सुवर्ण बिल्ल्याला ३०० किलोमीटर लागतात, आणि एवढ्या अंतरात घरच्या धावपट्टीची ओढ सुटते.

पहिल्या स्पर्धेसाठी क्लब वर्गच निवडावा, असे माझे ठाम मत आहे. त्यात प्रत्येक ग्लायडरच्या क्षमतेनुसार गुणांचा हिशेब होत असल्याने जुने यंत्र घेऊनही बरोबरीने लढता येते.

वेळ वाया जातो तो बहुधा थर्मलमध्ये, म्हणजे ग्लायडरला उंची देणाऱ्या, वर चढणाऱ्या उबदार हवेच्या झोतात. कॅनॉपीवरचा (वैमानिकाच्या डोक्यावरील पारदर्शक झाकणावरचा) हवेचा प्रवाह दाखवणारा लोकरीचा धागा सरळ राखावा, व्हेरिओचा (चढ-उताराचा वेग आवाजाने सांगणाऱ्या यंत्राचा) सूर चढू लागताच वळण क्षणभर सैल करून गाभ्याकडे सरकावे आणि मग ते पुन्हा आवळावे. दोन-तीन फेऱ्यांत जमले नाही, तर रेंगाळू नये. १९५६ चे जगज्जेते पॉल मॅकक्रेडी यांचा सिद्धान्त इथे उपयोगी पडतो: पुढचा थर्मल जितका जोरदार अपेक्षित, तितक्या अधिक वेगाने मधले अंतर कापावे.

थर्मलमध्ये आधीपासून घिरट्या घालणाऱ्याच्याच दिशेने वळावे आणि नजर यंत्रांच्या पडद्यावर न खिळवता बाहेर ठेवावी. ग्लायडरचे खाली जाणे थांबतच नसेल, तर उंची हातात असतानाच तारा आणि उभे पीक नसलेले शेत हेरावे व तिथे उतरण्याचा निर्णय घ्यावा.